जर्मनीत पोचल्यावर सिम कार्डाचं काय करायचं? (उल्म, ऑक्टोबर)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी नर्स आहे, नाशिकची. जर्मनची बी टू परीक्षा झाली एकदाची आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उल्मला एका हॉस्पिटलात रुजू व्हायचंय. व्हिसा, तिकीट, लोकरीचे कपडे, मेतकूट सगळं झालंय पण फोनचं काही केल्या कळत नाहीये. एजन्सीवाले म्हणतात तिथे गेल्यावर बघा. आमच्या बॅचची एक मुलगी म्हणते तिथे दोन वर्षांचा करार केल्याशिवाय सिमच मिळत नाही. भावाचं म्हणणं इथूनच इसिम (म्हणजे कार्ड नसलेलं, फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम) घेऊन जा. आणि आईला एकच काळजी, विमानातून उतरल्या उतरल्या फोन लागला पाहिजे. इथला नंबर ठेवायचा का सोडायचा हेही ठरत नाहीये, बँक आधार सगळं त्यालाच जोडलेलं आहे. कोणी जरा नीट सांगेल का?

बाडेनचा_बाळ्या
अभिनंदन ताई! मी स्टुटगार्टला आहे, आठ वर्षं झाली, म्हणजे तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर.

पहिलं, दोन वर्षांचा करार केल्याशिवाय सिम मिळत नाही हे साफ खोटं आहे. प्रीपेड घ्या. आल्डी, लिडलसारख्या किराणा दुकानांतही मिळतं, पाकीट साधारण १० युरोच्या आसपास, वर बहुतेक वेळा तेवढाच बॅलन्स आत असतो. आल्डीचं सिम ओटूच्या नेटवर्कवर चालतं, लिडलचं व्होडाफोनच्या आणि काँगस्टार म्हणून एक आहे ते टेलिकॉमच्या. म्हणजे टॉवर मोजक्याच कंपन्यांचे, दुकानं पन्नास.

पण एक लक्षात ठेवा, पाकीट विकत घेतलं म्हणजे सिम चालू झालं असं नाही. २०१७ च्या जुलैपासून इथे प्रीपेडलाही ओळख तपासल्याशिवाय नंबर चालू करत नाहीत. एकतर मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून पासपोर्ट दाखवायचा, नाहीतर कागद घेऊन पोस्टात जायचं, त्याला पोस्टइडेंट म्हणतात. व्हिडिओवाल्या प्रकारात आपला पासपोर्ट माझ्या वेळी दोनदा नाकारला, ती बाई म्हणे तिरका करा, अजून तिरका करा, मी पासपोर्ट घेऊन खिडकीशी उजेडात नाचतोय आणि शेवटी म्हणाली नाही जमणार. पोस्टात गेलो, पाच मिनिटांत काम झालं. त्यामुळे मी सगळ्यांना थेट पोस्टातच जायला सांगतो.

दुसरा सोपा रस्ता म्हणजे कंपनीच्या दुकानात जाऊन प्रीपेड मागायचं, ते तिथेच पासपोर्ट बघून चालू करून देतात. थोडं महाग पडतं. पण तिथे "प्रीपेड" या शब्दाला चिकटून राहायचं, समोरचा काहीही म्हणो.

वऱ्हाडी_ठेचा
"चिकटून राहायचं" हे अधोरेखित करा राजेहो!! मी केमनित्झला मास्टर्स करून राहिलो. आलो तेव्हा तिसऱ्याच दिवशी एका दुकानात शिरलो (नाव नाही लिहीत), सिमच पाहिजे होतं फक्त. त्यानं गोड बोलून नवीन फोन हातात ठेवला, म्हणे फोन फ्री. मी पण भैताड, फ्री म्हटल्यावर सही ठोकली. महिन्याला ४५ युरो, २४ महिने. खोलीवर येऊन हिशोब केला तर १०८० युरो होऊन राहिले अन् तोच फोन बाजारात साडेचारशेला. वरून फोनचा विमा पण लावून दिला होता, पहिले तीन महिने फुकट, चौथ्यापासून ७ युरो, ते कळलं पाचव्या महिन्यात. तेव्हा महिन्याचं सगळं मिळून ९३४ युरोत भागवायचं होतं, त्यातले ५२ फोनलाच. दोन वर्षं डाळभात खाल्ला बे.

आता कोणी म्हणेल १४ दिवसांत परत करता येते ना. मी गेलो होतो नवव्या दिवशी. हसला तो.

तिरकस_पुणेकर
हसणारच. १४ दिवसांत करार मागे घ्यायचा हक्क ऑनलाइन किंवा फोनवर केलेल्या कराराला असतो. दुकानात स्वतःच्या पायांनी चालत जाऊन सही केलीत तर तो हक्क कायद्याने मिळत नाही, दुकानदाराने मेहरबानी केली तर केली. त्यामुळे करार करायचाच असेल तर घरी बसून, चहा पीत, ऑनलाइन करावा. अर्थात "फ्री" हा शब्द वाचल्यावरही.

आणि माहिती देतोच आहोत तर पूर्ण देतो. २०२१ च्या डिसेंबरपर्यंत जर्मनीत फार वाईट पद्धत होती, २४ महिने संपायच्या तीन महिने आधी रद्द करायचं पत्र नाही पाठवलं की करार आपोआप आणखी एक वर्ष वाढायचा. आता पहिली मुदत संपली की कधीही एक महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं. आणि २०२२ च्या जुलैपासून वेबसाइटवर करार विकणाऱ्यांना तिथेच रद्द करायचं बटण द्यावं लागतं. बटण असतं, पानाच्या तळाशी, मुंगीच्या आकाराच्या अक्षरात.

बाडेनचा_बाळ्या
ह्या पुणेकरांचा मुद्दा बरोबर आहे. शिवाय नवीन माणसाला करार मिळेलच असं नाही, कारण ते शूफा तपासतात. शूफा म्हणजे आपल्याकडच्या सिबिलसारखं, तुम्ही पैसे वेळेवर देता का याचा गुण. नवीन आलेल्याची पाटी कोरी आणि कोरी पाटी बघून पण काही कंपन्या नाही म्हणतात. मलाही पहिल्या महिन्यात एकाने नाकारलं होतं, कारण विचारलं तर सांगितलं नाही.

आणि बिल जातं बँकेतून, म्हणजे इथलं खातं पाहिजे, खात्याला बऱ्याच बँका आनमेल्डुंगचा कागद मागतात (पत्त्याची नोंदणी, रहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते), नोंदणीला घरमालकाची सही पाहिजे आणि त्या ऑफिसची अपॉइंटमेंट घ्यायला फोन पाहिजे. आलं लक्षात? प्रीपेड घेतलं की ही साखळी तुटते. पत्ता प्रीपेडलाही विचारतात पण हॉस्टेलचा दिला की चालतो.

करवीरकर
ताई मी म्युनिकला हाय, मूळ कोल्हापूर. इथल्या सिमचं सगळे सांगतील, मी इथं भारतातल्या नंबरचं सांगतो कारण माझा लई मोठा पोपट झालाय त्यात.

मी येताना सिम घरी ठेवून आलो, आमच्या दादांच्या जुन्या फोनमध्ये, ओटीपी आला की ते फोनवर सांगणार असं ठरलं. दोन वर्षं चाललं पण. मग एकदा दादा रिचार्ज मारायचं विसरले, ते गेले होते पंढरपूरला वारीत, फोन घरी बंद पडून. परत येऊन बघतात तर सिम मेलेलं. मलाही कळलं नाही, मला ओटीपी लागलाच नव्हता त्या काळात. कळलं तेव्हा नंबर दुसऱ्या कुणाला गेलेला. म्हणजे माझ्या बँकेचे मेसेज इस्लामपूरच्या एका माणसाला जायला लागले!! माणूस सज्जन होता, त्यानंच माझ्या मित्राला सांगितलं "अहो तुमच्या मित्राच्या एफडीचं व्याज जमा झालंय". २०२२ ला सुट्टीत गेलो तेव्हा आठवडा गेला नुसता त्यात, आधार केंद्रात रांग, बँकेत रांग, पॅनचं वेगळंच. तांबडा पांढरा खायला गेलो होतो, रांगेत उभं राहून आलो.

तर सिम बरोबर न्या. सोडू पण नका आणि घरी पण ठेवू नका.

मुलगी_परदेशी
मी साताऱ्याहून लिहितेय, माझी लेक लायपझिगला असते. आम्हीही तिचं सिम घरीच ठेवलं होतं पहिल्यांदा. तिच्याकडचे संध्याकाळचे सात म्हणजे आमचे उन्हाळ्यात साडेदहा आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेअकरा. मी झोपेत चष्मा शोधेपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली असायची. एकदा तर मी सहा आकडे सांगायच्या ऐवजी मेसेजमधली रक्कमच वाचून दाखवली. नंतर ती सिम घेऊन गेली, तेव्हापासून दोघींची झोप नीट होते.

आणखी एक, गोदाकाठची बाळ, आईला नंबर देताना शून्य काढून दे. माझी लेक नंबर सांगायची शून्य एक सात सहा असा, मी त्याच्या आधी ४९ लावून शून्यासकट फिरवत होते, तीन दिवस लागला नाही, माझा जीव नुसता वर खाली. तिथल्या माणसाने तिथल्या तिथे फोन करायचा तर शून्य लागतो, आपण इथून करताना ४९ नंतर शून्य नाही लावायचा. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

गोदाकाठची
बाप रे किती छान माहिती, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. करवीरकर दादा तुमचं वाचून हसू पण आलं आणि घाम पण फुटला. काकू, शून्याचं आत्ताच आईला सांगितलं, तिने फ्रीजवर चिकटवलंय.

मग सिम बरोबर नेलं तर रिचार्ज किती मारायचा? आणि तिथे रोमिंगचे पैसे नाही का पडणार मेसेजला? माझ्या फोनमध्ये दोन सिम बसतात.

तिरकस_पुणेकर
रोमिंगवर मेसेज *येण्याचे* पैसे पडत नाहीत. तुम्ही पाठवलात, कॉल उचललात किंवा डेटा चालू ठेवलात की पडतात. म्हणून भारतातल्या सिमचा डेटा रोमिंग बंद, आणि त्यावर आलेला कॉल उचलायचा नाही, कितीही जवळचा माणूस असो. जवळच्या माणसाला व्हॉट्सअॅप करायला सांगा. व्हॉट्सअॅप जुन्याच नंबरावर चालू राहतं, बदलायची गरज नाही.

रिचार्जबद्दल: ट्रायचा (भारतातल्या फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम असा की ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि प्रीपेडमध्ये २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून ३० दिवस वाढवून देतात. पण त्या २० रुपयांच्या भरवशावर कोणी राहू नये, पॅकची मुदत संपली की मेसेज येणं थांबतं असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ट्रायने कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक काढायला लावले आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल असं केलं. तसा वर्षाचा पॅक घ्या, दोन हजाराच्या आत बसतो. कॅलेंडरमध्ये तारीख टाकून ठेवा. वारीच्या आधीची.

आणि रोमिंग *भारतात असतानाच* चालू करून घ्या, पोस्टपेड असेल तर प्रीपेड पण आताच करून घ्या. तिकडे गेल्यावर कस्टमर केअरशी बोलण्यात जे पुण्य मिळतं त्याची गरज नाही.

करवीरकर
वारीच्या आधीची 😂😂 मान्य.

ताई युपीआयचं पण बघून ठेवा. २०२३ पासून परदेशी नंबरावर एनआरई एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या) खात्याचं युपीआय चालू करता येतं असं पेपरात आलं होतं, पण ते सुरुवातीला १० देशांसाठी होतं, अमेरिका इंग्लंड सिंगापूर दुबई वगैरे. जर्मनी त्यात नव्हतं. म्हणजे आपल्याला भारतातल्या नंबराशिवाय गत्यंतर नाही.

बाडेनचा_बाळ्या
इसिमबद्दल कोणीच बोललं नाही. भाऊ बरोबर सांगतोय, पण अर्धंच. प्रवासाचं इसिम भारतातूनच घ्या पण आठ दहा दिवसांचंच, म्हणजे फ्रांकफुर्टला उतरल्यावर आईला फोन होईल आणि ट्रेन कुठल्या फलाटावर ते बघता येईल. पण त्यात बहुतेक वेळा फक्त डेटा असतो, नंबर नसतो. नंबराशिवाय बँक हलत नाही. रविवारी पोचत असाल तर दुकानं जवळजवळ सगळी बंद असतात, हेही लक्षात ठेवा.

आणि एक कामाचं: कुठलं नेटवर्क घ्यायचं ते इथे विचारू नका, वॉर्डातल्या सहकाऱ्यांना विचारा. हॉस्पिटलच्या जाड भिंती आणि तळघरं, तिथे कोणाची रेंज येते ते त्यांनाच माहिती. फोन जुना असेल तर इथे थ्रीजी २०२१ मध्येच बंद झालंय, व्होएलटीई (फोरजीवरून कॉल) चालत नसेल तर कॉल आला की फोन थेट टूजीवर जातो आणि नेट बंद पडतं.

वऱ्हाडी_ठेचा
अन् कोणाचं आधीच चालू केलेलं सिम स्टेशनजवळच्या दुकानातून घेऊ नका ताई, पासपोर्ट नको म्हणते तो, सोपं वाटते. पण ते दुसऱ्याच कोणाच्या नावावर राहते. माझ्या रूममेटनं घेतलं होतं. एक दिवस नंबर बंद, आणि माझाच नंबर आहे हे सिद्ध कसं करणार, नाव तर कोण्या तिसऱ्याचं.

---

गोदाकाठची
मंडळी, पोचले! तीन आठवडे झाले. आधी लिहिणार होते पण ड्यूटी चालू झाल्यावर उभं राहायची ताकद नव्हती. उल्म फार सुंदर आहे, मिन्स्टर चर्चच्या कळसाकडे बघताना मान दुखते, १६१ मीटर आहे म्हणे.

तर सिमची कहाणी. वॉर्डातल्या एका सिस्टरने सांगितलं तळमजल्यावर अमुकच नेटवर्क चालतं, त्याप्रमाणे एक प्रीपेड ऑनलाइन मागवलं, कारण म्हटलं इथे तिथे कशाला हिंडायचं. आठ दिवस झाले, बारा झाले, पाकीट काही येईना. मेल केला तर उत्तर आलं, पत्त्यावर असं कोणी राहत नाही म्हणून टपाल परत गेलं! मी म्हटलं मी काय भूत आहे का. हॉस्टेलच्या हाउसमाइस्टरला (केअरटेकर हो) विचारलं तर त्याने मला हाताला धरून खाली नेलं आणि टपालपेट्यांची भिंत दाखवली. चाळीस पेट्या, प्रत्येकीवर आडनाव. माझ्या पेटीवर अजून आधीच्या मुलीचं नाव, कुठलंतरी फिलिपिनो आडनाव होतं. इथे खोली नंबर लिहून चालत नाही म्हणे, पोस्टमन पेटीवरचं नाव वाचतो, नाव नाही तर माणूस नाही. मी तिथल्या तिथे वहीचा कागद फाडून मोठ्या अक्षरात आडनाव लिहिलं आणि चिकटपट्टीने लावलं. हाउसमाइस्टर म्हणाला असं नाही करायचं, नियमाप्रमाणे छापील पट्टी मिळेल, दोन आठवडे लागतील. पण माझी चिठ्ठी त्याने काढली नाही.

शेवटी दुकानात जाऊन सिम आणलं. तिथल्या मुलाने २४ महिन्यांचं काढलंच. मी वऱ्हाडी दादांचं नाव घेतलं मनात आणि तीन वेळा म्हटलं, नूर प्रीपेड, बिट्टे (फक्त प्रीपेड, प्लीज). पासपोर्ट बघितला, अर्ध्या तासात चालू.

वऱ्हाडी_ठेचा
माझे १०८० युरो आज कामी आले म्हणायचे 🙏

गोदाकाठची
थांबा, अजून संपलं नाही. चार दिवसांनी नाइट ड्यूटीच्या आधी फोनने स्वतःहून अपडेट घेतलं आणि बंद होऊन चालू झाला, तर सिमचा पिन विचारायला लागला. मला वाटलं फोनचाच पिन, तो टाकला. चूक. परत टाकला. चूक. तिसऱ्यांदा जन्मसाल टाकलं आणि सिम लॉक!! आता म्हणे पुक (लॉक झालेलं सिम उघडायचा कोड) टाका. पुक कुठला? तर सिम ज्या मोठ्या प्लास्टिकच्या कार्डातून मोडून काढलं होतं त्याच्यावर होता, आणि ते कार्ड मी कचऱ्यात टाकलेलं. इथे प्लास्टिकची पिवळी पिशवी दोन आठवड्यांतून एकदा जाते ते नशीब. युनिफॉर्म घालून, हातात हॉस्पिटलचे ग्लोव्हज, सामायिक स्वयंपाकघरात दह्याचे रिकामे डबे बाजूला करत बसले होते, तेवढ्यात एक केरळची सिस्टर आली, तिने काही विचारलं नाही, तीही शोधायला बसली. तिचंही झालं होतं म्हणे असंच. सापडलं. आठ आकडे, लेबनेह की कसल्याशा चीजच्या डब्याला चिकटलेलं.

बाडेनचा_बाळ्या
अरे देवा, हे सांगायचं राहूनच गेलं! आपल्याकडे सिमला पिन लावायची सवयच नाही ना. कार्डाचा फोटो काढून ठेवा, किंवा सेटिंगमध्ये जाऊन सिमचा पिन बंद करून टाका.

आणि प्रीपेड चार आठवड्यांचं असेल तर वर्षात १२ नाही, १३ वेळा पैसे जातात. त्या दिवशी बॅलन्स कमी असला तर पॅक लागत नाही आणि सुट्या दराने मिनिटामागे सेंट कापत बसतात. आठवडाभर आधीच भरत जा.

तिरकस_पुणेकर
बॅलन्स संपला तरी सिम फोनमध्ये ठेवा. ११२ हा आपत्कालीन नंबर जर्मनीत २००९ पासून सिमशिवाय लागत नाही. बाकी बऱ्याच देशांत लागतो.

आणि तुम्ही उल्मला आहात म्हणजे सुट्टीला बोडेनझेच्या तळ्याला जाणारच. युरोपियन युनियनमध्ये २०१७ पासून रोमिंगचे जादा पैसे नाहीत पण त्या तळ्यापलीकडे स्वित्झर्लंड आहे आणि ते युनियनमध्ये नाही. फ्रीडरिशहाफेनच्या काठावर आइस्क्रीम खाताना फोन स्विस टॉवर पकडतो. नेटवर्क हाताने निवडा. प्रीपेड असल्यामुळे फार तर बॅलन्स जाईल, करारवाल्यांचं बिल येतं.

करवीरकर
माझं आलं होतं. आकडा सांगत नाही, बायको वाचते इथं.

मुलगी_परदेशी
बाळ, आईला फोन लागला ना पण?

गोदाकाठची
लागला काकू, पहिल्याच फटक्यात, शून्य न लावता! रोज ड्यूटी संपली की करते.

आता एकच भानगड उरलीय. माझा हा नंबर आधी कोण्या उवे नावाच्या माणसाचा होता. त्याच्या गॅरेजमधून तीनदा फोन आला, हेर उवे तुमचे हिवाळी टायर तयार आहेत, घेऊन जा. (इथे ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत वेगळे टायर लावतात गाडीला.) मी प्रत्येक वेळी बी टू जर्मनमध्ये समजावते की मी उवे नाही. तो काका श्वाबिश (इथली बोली) बोलतो, मला निम्मं कळत नाही, त्याला माझं कळत नाही. काल म्हणाला, ठीक आहे, पण शनिवारी आम्ही बारालाच बंद करतो.

वऱ्हाडी_ठेचा
मग शनिवारी साडेअकरापर्यंत जाऊन ये ताई. टायर फ्री आहेत का विचार फक्त.